केबल काढून हायड्रॉलिक क्लच: आधी माप, मग सामान

ठाण्यात कापूरबावडी ओलांडून घोडबंदर रोडला लागलं की मेट्रोच्या खांबांच्या कडेने पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, असंच गायमुखापर्यंत चालतं. संध्याकाळच्या एका फेरीत क्लच किती वेळा दाबला जातो ते मी एकदा मोजायला घेतलं, तर मानपाड्याच्या आतच शंभरी झाली. माझी जिप्सी केबलच्या क्लचची. सायलेन्सरचं काम करताना मी केबलची वाट थोडी बदलली होती. तिला गरम पाइपाजवळून एक जादा वळण मिळालं आणि दोन वर्षांत आतली तार त्या वळणावर घासून पिंजली. पेडल जड होत गेलं, पण इतकं हळूहळू की पायाला कळलंच नाही. शेवटी पातलीपाड्याच्या पुलाखाली ते खाली गेलं आणि वर आलं नाही.

नवी केबल टाकून गाडी घरी आणली आणि त्याच आठवड्यात ठरवलं की क्लच हायड्रॉलिक करायचा, म्हणजे केबलऐवजी पाइपातल्या तेलाच्या दाबाने चालणारा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार रविवार लागले. त्यातला एक रविवार माझ्या एका चुकीपायी वाया गेला: मी आधी सामान आणलं आणि माप नंतर घेतलं. म्हणून या लेखात मापावर जरा जास्त थांबणार आहे.

हे काम हाती घ्यावं का

केबल जुनी झाल्यामुळे क्लच जड झाला असेल, तर नवी केबल टाका आणि मोकळे व्हा. मारुती ८००, झेन, जिप्सी या गाड्या केबलवरच आलेल्या आहेत, आणि केबलला नीट वाट मिळाली तर ती चांगलं काम करते. हायड्रॉलिकचा उपयोग होतो तो वाटच नसेल तेव्हा. इंजिन बदललंय, एक्झॉस्ट मध्ये येतोय, केबलला दोन-तीन तीव्र वळणं द्यावी लागतायत, अशा वेळी. तेलाला वळणाचं काही वाटत नाही. पाइप कसाही वळवा, एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तेवढाच पोचतो.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ‘हायड्रॉलिक केलं की पेडल लोण्यासारखं होतं’ असं सगळे म्हणतात. क्लच दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग तीच राहते, ती दाबायला लागणारं काम तेवढंच राहतं. पेडल हलकं केलं की त्याचा प्रवास वाढतो, प्रवास कमी केला की ते जड होतं. खरा फरक पडतो तो केबलमधलं घर्षण गेल्यामुळे. जिची केबल पिंजत आली होती त्या गाडीत हा फरक मोठा जाणवेल, नव्याकोऱ्या केबलच्या गाडीत थोडाच.

ब्रेकची हवा तुम्ही स्वतः काढली असेल, ब्रेक पाइप एकदा तरी बदलला असेल, तर हे काम जमेल. नसेल, तर आधी ब्रेकवर हात बसवा. आरसीवर क्लच केबलचा की हायड्रॉलिक अशी नोंद नसते. तरी पंधरा वर्षं झालेली गाडी पुनर्नोंदणीला न्यायची असेल, तर काम पूर्ण तपासून, कुठेही तेल न गळता न्या.

माप

गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढून उचलून घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

आता गिअरबॉक्सवरचा क्लच फोर्क शोधा, म्हणजे केबल जिथे अडकते तो दांडा. त्याच्या टोकाशी मास्किंग टेप लावून खूण करा, शेजारी स्टीलची पट्टी धरा आणि कुणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा. माझ्याकडे हे काम भाच्याने केलं. दोन आकडे लिहून घ्यायचे. पहिला, फोर्क सैल हलता हलता जिथे घट्ट होतो तो, म्हणजे मोकळा प्ले. दुसरा, पेडल पूर्ण आत गेल्यावरचा. माझ्या गाडीत एकूण १९ मिमी भरले, त्यातले २ मिमी प्लेचे आणि १७ मिमी क्लच सोडवण्याचे. तुमच्या गाडीत आकडा वेगळा येईल, माझा वापरू नका. तीनदा मोजा, कारण १ मिमीची चूकही इथे जाणवते.

मग पेडल मोजा. खिळीपासून, म्हणजे पेडल ज्या पिनवर झुलतं तिथपासून, पायाच्या रबराच्या मध्यापर्यंतचं अंतर माझ्याकडे २७६ मिमी होतं. पायाचा प्रवास १५० मिमी. पुशरॉडचं, म्हणजे पेडलवरून सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याचं, भोक खिळीपासून ४६ मिमीवर घेतलं तर गुणोत्तर ६ ला १ येतं, म्हणजे १५० मिमी दाबल्यावर रॉड २५ मिमी सरकतो. त्यातला साधारण १ मिमी रॉडच्या मोकळ्या प्लेमध्ये जातो आणि १ मिमी मास्टरमधलं, म्हणजे पेडलकडच्या सिलिंडरमधलं, बारीक भोक बंद होईपर्यंत. कामाचे उरले २३.

आता सिलिंडर. दुकानात मास्टरला ‘अप्पर’ आणि स्लेव्हला, म्हणजे फोर्ककडच्या सिलिंडरला, ‘लोअर’ म्हणतात, तेच शब्द वापरले तर काउंटरवरचा माणूस लगेच समजतो. दोन्हींचा बोर, म्हणजे आतला व्यास, महत्त्वाचा. अप्परने ढकललेलं तेल लोअरमध्ये जातं, म्हणून अप्परचं क्षेत्रफळ गुणिले अप्परचा प्रवास, भागिले लोअरचं क्षेत्रफळ, म्हणजे लोअरचा प्रवास.

मला दुकानात ‘हा सेट सगळ्यांना बसतो’ म्हणून १५.८७ मिमीचा अप्पर आणि १९.०५ मिमीचा लोअर दिला गेला. बोर अंगठ्याएवढे, दिसायला छान. सगळं बसवलं, हवा काढली, इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला आणि गिअरबॉक्स करकरला. मी परत हवा काढली. परत करकर. तिसऱ्यांदा हवा काढल्यावर कागद घेऊन बसलो. अप्परचं क्षेत्रफळ १९७.८ चौरस मिमी, लोअरचं २८५. म्हणजे २३ मिमीच्या बदल्यात मला लोअरवर १६ मिमी मिळत होते. त्यातले २ प्लेमध्ये गेले, उरले १४. हवे होते १७. क्लच पूर्ण सुटतच नव्हता. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग जुळवून घेणारी यंत्रणा, नसतो, त्यामुळे अर्धवट सुटलेला क्लच सर्वांत आधी तिथे बोलतो.

अप्पर बदलून १७.४६ मिमीचा घेतला. क्षेत्रफळ २३९.४, आणि लोअरचा प्रवास १९.३ मिमी. प्रश्न सुटला. किंमत म्हणून पेडल पहिल्या जोडीपेक्षा सुमारे २१ टक्के जड झालं. पण केबलच्या वेळी १५० मिमीला १९ मिमी मिळत होते आणि आता १९.३ मिळतात, म्हणजे मूळ हिशेबाला आपण परत आलो, फक्त घर्षणाशिवाय.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगतो. दोन्ही सिलिंडर १९.०५ चे घेतले असते तर लोअर २३ मिमी सरकला असता. गरजेपेक्षा ४ मिमी जास्त. त्याने डायफ्रॅम स्प्रिंगची, म्हणजे प्रेशर प्लेटच्या त्या चकतीसारख्या स्प्रिंगची, बोटं हद्दीपलीकडे दाबली जातात आणि प्रेशर प्लेट अकाली जाते. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे क्लचला लागू नाही.

दोन उलट्या दिशा

केबल ओढते, सिलिंडर ढकलतो. हे वाक्य काम सुरू करण्याआधी भिंतीवर लिहून ठेवा, कारण ते दोन ठिकाणी आडवं येतं.

एक, पेडलवर. अनेक केबलच्या गाड्यांत पेडलचा दांडा खिळीच्या वरही थोडा गेलेला असतो आणि केबल त्या वरच्या टोकाला अडकते. पेडल पुढे दाबलं की वरचं टोक मागे येतं आणि केबल ओढली जाते. त्याच टोकाला पुशरॉड जोडला तर तो उलट दिशेने जाईल. म्हणून नवीन कान, म्हणजे पुशरॉड अडकवायचा लोखंडी तुकडा, खिळीच्या खाली हवा.

दोन, फोर्कवर. केबल फोर्कला ज्या दिशेने ओढत होती, त्याच दिशेने लोअरने ढकललं पाहिजे. म्हणजे लोअर केबलच्या ब्रॅकेटच्या जागी बसत नाही, फोर्कच्या दुसऱ्या बाजूला बसतो. तिथे जागा आहे का, एक्झॉस्ट किती लांब आहे, गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट मध्ये येतो का, हे सामान घेण्याआधी गाडीखाली झोपून बघा. जागा नसेल तर ओढणारा लोअर शोधावा लागतो, आणि तो सहज मिळत नाही.

सामान

अप्पर आणि लोअर नवेच घ्या. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात सुटे भाग भरपूर मिळतात, ब्रॅकेट, पेडल, तेलाची बाटली यांसाठी तिथे जरूर जा. पण बोरमध्ये खड्डे पडलेला जुना सिलिंडर रबर किट बदलूनही गळत राहतो. अप्पर घेताना त्याचा पूर्ण स्ट्रोक मोजा, तो २५ मिमीपेक्षा जास्त हवा, आणि लोअरचाही तुमच्या मापापेक्षा ५-७ मिमी जास्त.

ब्रेकच्या तेलाची बाटली वापरून क्लचला त्यातूनच तेल देण्याचा मोह होतो. घरी केलेल्या कामात तसं करू नका. उद्या क्लचची नळी फुटली तर ब्रेकचं तेल जाता कामा नये. क्लचला स्वतःची छोटी बाटली द्या.

पेडल आणि फायरवॉल

पेडल गाडीतून काढा आणि मगच त्यावर कान वेल्ड करून घ्या. माझं काम वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने केलं. ५ मिमीचा कान, दोन्ही बाजूंनी वेल्ड, आणि भोक नुसत्या ड्रिलवर न सोडता रीमरने पिनच्या नेमक्या मापाचं. भोक सैल राहिलं तर तेवढा प्रवास वाया जातो, आणि आपण एकेक मिमी मोजतोय. पुशरॉड पेडलच्या प्रवासाच्या मध्यावर दांड्याशी काटकोनात यायला हवा. तिरका असेल तर अप्परचा पिस्टन एका बाजूला घासतो आणि सहा महिन्यांत गळतो.

अप्पर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, बसतो आणि तिचा पत्रा पातळ असतो. पायाने साधारण १२ किलो जोर दिला तर सहापट होऊन अप्परवर ७२ किलो येतात, आणि हे दर सिग्नलला. पत्रा आतबाहेर हलायला लागला की लोअरचा प्रवास तिथेच हरवतो आणि काही महिन्यांनी भोकाच्या कडेला चीर पडते. म्हणून आतून-बाहेरून ४ मिमीची प्लेट घाला आणि जमल्यास ती पेडलच्या चौकटीला बोल्टने बांधा. कापलेल्या कडांना लगेच प्रायमर लावा. खाडीकडच्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. अप्पर आडवा किंवा पुढचं टोक किंचित वर असा बसवा. पुढचं टोक खाली गेलं तर आत हवेचा बुडबुडा अडकून बसतो.

लोअरची ब्रॅकेट

पूर्ण कामात सर्वांत जास्त काळजी इथे. ७२ किलो भागिले २३९.४ चौरस मिमी, म्हणजे तेलात दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोचा दाब. लोअरच्या बोरवर तो साधारण ८६ किलो होतो, आणि तेवढाच धक्का ब्रॅकेटला उलट बसतो.

ब्रॅकेट गिअरबॉक्सवरच हवी, चॅसीवर नाही. इंजिन-गिअरबॉक्स रबरांवर हलतात. लोअर चॅसीवर असेल तर गाडी जागेवरून सुटताना क्लच आपोआप थोडा दाबला-सुटला जाईल आणि गाडी हिसके देईल.

मी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापला, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, दोन बोल्टांवर धरून बघितला, चार वेळा बदलला, आणि तो साचा देऊन ८ मिमी प्लेटची ब्रॅकेट करून घेतली, कोपऱ्यात त्रिकोणी आधार वेल्ड करून. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमची आहे, तिच्यात नवी भोकं पाडू नका. आहेत तेच बोल्ट प्लेटच्या जाडीएवढे लांब घ्या, ८.८ ग्रेडचे, आणि एका वेळी एकच काढा. फोर्क आणि लोअरचा रॉड सरळ रेषेत येतात ना, ते पेडल न दाबता, अर्धं दाबून आणि पूर्ण दाबून, तिन्ही ठिकाणी बघा. हवा काढायचं निप्पल लोअरच्या वरच्या बाजूला यायला हवं. माझ्या पहिल्या साच्यात ते खाली येत होतं, पुठ्ठ्यावरच लक्षात आलं म्हणून वाचलो.

पाइप

४.७५ मिमीचा ब्रेक पाइप चालतो, टोकांना एम १० गुणिले १ चे नट. फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं टोक, दोन प्रकारचे येतात, दुहेरी आणि बुडबुड्याच्या आकाराचा. सिलिंडरमध्ये जो बसतो तोच हवा, दुसरा कितीही आवळला तरी पाझरेल. साधा तांब्याचा पाइप वापरू नका, कंपनाने तो कडक होऊन तडकतो. तांबं-निकेलचा मिळाला तर उत्तम, तो गंजत नाही.

फायरवॉलपासून चॅसीपर्यंत कडक पाइप, आणि तिथून लोअरपर्यंत ब्रेकचा नवा होज, थोडी ढील ठेवून. पाइपाला मध्येच वर-खाली उंचवटा देऊ नका, हवा तिथेच बसते. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा.

तेल भरणं आणि हवा काढणं

डॉट ४ दर्जाचं ब्रेकचं तेल घ्या, सीलबंद डबा. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उघडा डबा जुलैत दोन आठवडे ठेवून तेच तेल घालू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. डॉट ४ तेल रंग खातं, म्हणून बॉनेटवर ओलं फडकं टाकून ठेवा, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. काढलेलं तेल बाटलीत भरा, सोसायटीच्या गटारात सोडू नका.

लोअरच्या निप्पलवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडलवरच्या माणसाशी शब्द ठरवून घ्या. आमचे होते ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’. दाबून धरल्यावर निप्पल पाव फेरी उघडायचं, बुडबुडे बाहेर पडू द्यायचे, निप्पल बंद करायचं, आणि मगच ‘सोड’ म्हणायचं.

पाचव्या-सहाव्या खेपेला भाचा म्हणाला, “मामा, पेडल आत गेलंय ते वर येतच नाहीये.” त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाइपात हवा असेपर्यंत पेडल परत ढकलणारं काही नसतं, पायाने खालून उचलून घ्यावं लागतं. घाईने पंप मारू नका, त्याने मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि तेल दुधासारखं दिसायला लागतं. तसं झालंच तर तासभर थांबा, चहा घ्या, बुडबुडे वर येतील. बाटलीतलं तेल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आणि लोअर ब्रॅकेटवर बसवलेला नसताना पेडल अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर उडतो.

हवा हट्टाने राहिली तर उलटं करा: मोठ्या सिरिंजने निप्पलमधून तेल हळूहळू वर ढकला. हवेला नाहीतरी वरच जायचं असतं. माझं काम शेवटी यानेच झालं.

प्ले आणि स्टॉप

काही लोअरमध्ये आत स्प्रिंग असते, ती रिलीज बेअरिंगला, म्हणजे फोर्कने पुढे ढकललं जाणाऱ्या बेअरिंगला, डायफ्रॅमच्या बोटांवर सतत टेकवून ठेवते. केबलच्या गाडीचं बेअरिंग मोकळं राहण्यासाठी बनवलेलं असतं, सतत फिरत राहिलं तर लवकर वाजायला लागतं. म्हणून ती स्प्रिंग काढा, फोर्कला परत ओढणारी बाहेरची स्प्रिंग लावा आणि लोअरच्या रॉडवर चेकनटने २ मिमी प्ले ठेवा. क्लच झिजेल तसा हा प्ले कमी होतो, दर ५००० किमीला बघावा लागतो.

वर अप्परच्या रॉडलाही अर्धा ते एक मिमी प्ले हवाच. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर तेल बाटलीत परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. इंजिन तापतं, तेल फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि क्लच स्वतःच थोडा दाबला जाऊन घसरायला लागतो. सकाळी ठीक आणि तासाभराने चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, असं झालं तर प्लेट बदलण्याआधी हे बघा.

पेडलखाली रबर लावलेला बोल्ट बसवा. क्लच जिथे पूर्ण सुटतो त्याच्या पुढे पेडल साधारण १५ मिमी जाईल एवढीच मोकळीक ठेवा.

चाचणी

इंजिन बंद. मागची दोन्ही चाकं घोडीवर, पुढच्यांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, पहिला गिअर. पेडल न दाबता प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा, तो अडेल. आता पेडल सावकाश दाबायला सांगा आणि शाफ्ट कुठे मोकळा होतो ते बघा. पेडल पूर्ण खाली जायच्या थोडं आधीच तो सुटायला हवा. माझ्या पहिल्या जोडीत पेडल जमिनीला टेकूनही शाफ्ट ओढूनताणूनच फिरत होता. ही चाचणी मी तेव्हाच केली असती तर तीनदा हवा काढावी लागली नसती.

मग गाडी खाली घ्या, इंजिन चालू करा, पेडल दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. त्यानंतर पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर अप्परचा रबर तेल सोडतोय. दुसऱ्या माणसाला फायरवॉल आणि ब्रॅकेटकडे बघायला सांगा, काहीही हलताना दिसता कामा नये.

पहिली फेरी उपवनच्या बाजूला सकाळी सहाला मारा, घोडबंदरला नाही. शंभर किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, लोअरची धुळीची टोपी मागे करून आत बोट फिरवा. कोरडं हवं. तेल दर दोन वर्षांनी बदला, आपल्याकडच्या दमट हवेत ते त्याहून जास्त ठेवू नये. मी बदलल्याची तारीख बाटलीवरच मार्करने लिहितो, शक्यतो ऑक्टोबरमधली, पावसाळा संपल्यावरची.